कृष्णद्रव्याचे तापमान

तापलेल्या तव्याला हात लागावा आणि चटका बसावा, हा उष्णतेशी आपला पहिला परिचय. पुढे शाळेत आपण शिकतो की, पदार्थाचे कण सतत हालत असतात; त्यांची हालचाल वाढली की पदार्थ उष्ण होतो, मंदावली की थंड होतो. तव्याचा चटका म्हणजे त्याच्या असंख्य कणांची धावपळच होय. तापमानाचा हा अर्थ ध्यानात ठेवला, तर ज्या वस्तूला हात लावता येत नाही, जी डोळ्यांना दिसतही नाही, तिच्या तापमानाचाही विचार करता येतो. कृष्णद्रव्य ही अशीच एक वस्तू आहे.

दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड समुदाय. आपला सूर्य ज्या दीर्घिकेत आहे, तिला आपण आकाशगंगा म्हणतो. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी या स्विस ज्योतिर्विदांनी अरुंधती केश या तारकासमूहाच्या दिशेस असलेला दीर्घिकांचा एक थवा अभ्यासला. त्यातील दीर्घिका इतक्या वेगाने फिरत होत्या की, केवळ दिसणाऱ्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाने त्या एकत्र राहणे शक्य नव्हते. तेथे न दिसणारे द्रव्य पुष्कळ असले पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले. पुढे १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेच्या बाह्य भागातील वायुमेघांचे वेग मोजले, तेव्हा तेही अपेक्षेपेक्षा अधिक भरले. आज असे मानतात की, विश्वातील एकूण द्रव्याचे सहा भाग केले, तर त्यांतील सुमारे पाच भाग या कृष्णद्रव्याचे आहेत. त्यातून प्रकाश निघत नाही आणि ते प्रकाश अडवीतही नाही.

मग त्याचे तापमान कसे जाणावे? येथे उष्णतामापी निरुपयोगी आहे.

मुलांनो, अंगणात बारीक ठिपक्यांची रांगोळी काढली आहे अशी कल्पना करा. वारा सुटला की आधी ठिपके पुसले जातात, नाजूक रेषा विरतात. रांगोळीचे मोठे, जाड पट्टे तेवढे ओळखू येतात. विश्वाच्या बाल्यावस्थेत द्रव्य जवळजवळ सर्वत्र सारखे पसरलेले होते. फक्त काही ठिकाणी ते किंचित दाट होते. याच दाट जागी गुरुत्वाकर्षणाने आणखी द्रव्य ओढून घ्यायचे आणि त्यातून दीर्घिका घडायच्या. परंतु कृष्णद्रव्याचे कण जर अतिशय वेगवान, म्हणजे उष्ण असतील, तर ते लहान दाट जागांतून निसटून जाणार आणि त्या जागा पुसल्या जाणार. मग आधी अतिविशाल पापुद्रे बनतील आणि ते फुटून दीर्घिका होतील. कण मंद, म्हणजे थंड असतील, तर क्रम उलटा होईल. आधी लहान दीर्घिका जन्मतील आणि त्या एकमेकींत मिसळून मोठ्या होतील.

येथे एक खुलासा केला पाहिजे. आज आकाशगंगेतील कृष्णद्रव्याचे कण सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने धावत असावेत, आणि तरीही त्याला थंड म्हणतात! हा वेग त्यांना गुरुत्वाकर्षणाने नंतर दिला. थंड किंवा उष्ण हे विशेषण त्यांच्या आरंभीच्या वेगावरून आहे. नाव ठेवणाऱ्यांनी सरळ ‘मंद’ आणि ‘वेगवान’ म्हटले असते, तर विद्यार्थ्यांचा घोटाळा टळला असता.

प्रारंभी उष्ण पक्षाकडे एक मोठा आधार होता. न्यूट्रिनो नावाचा कण खरोखरच अस्तित्वात आहे आणि त्यांची संख्याही अफाट आहे. १९८० साली मॉस्कोतील संशोधकांनी न्यूट्रिनोला पुरेसे वस्तुमान असल्याचे जाहीर केले. कृष्णद्रव्य सापडले, असेच पुष्कळांना वाटले. याकोव झेल्दोविच यांच्यासारखे थोर शास्त्रज्ञ आधी पापुद्रे, मग दीर्घिका हाच क्रम मांडीत होते. परंतु १९८३ साली सायमन व्हाइट, कार्लोस फ्रेंक आणि मार्क डेव्हिस यांनी संगणकावर न्यूट्रिनोंचे विश्व घडवून पाहिले. त्यातील दीर्घिकांची दाटी आकाशाच्या खऱ्या नकाशाशी जुळेना. शिवाय त्या विश्वात दीर्घिका फार उशिरा जन्मत होत्या. आपल्या आकाशगंगेत तर १२ अब्ज वर्षांहून जुने तारे आहेत. कृष्णद्रव्य उष्ण असते, तर ज्या आकाशगंगेत सूर्य आणि पृथ्वी घडली, ती वेळेवर तयार झाली असती असे म्हणता येत नाही.

मॉस्कोचे ते मापनही पुढे टिकले नाही. जर्मनीतील कार्ल्सरुए येथील प्रयोगाने २०२५ साली दाखविले की, न्यूट्रिनोचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी आहे. थंड द्रव्याची कल्पना १९८२ साली जेम्स पीबल्स यांनी मांडली होती. पुढील संगणकी विश्वांत तिचे भाकीत आकाशाशी बरेच जुळले.

तरीही निकाल पूर्ण लागलेला नाही. द्रव्य थंड आहे की किंचित कोमट, हा प्रश्न उरतोच. ते कोमट असेल, तर एका मर्यादेहून लहान दीर्घिका मुळात जन्मणारच नाहीत. आकाशगंगेभोवती आजवर ५० हून अधिक लहान दीर्घिका आढळल्या आहेत. त्यांतील काहींत तारे इतके थोडे की त्या दिसणेच दुष्कर. आणखी मंद दीर्घिकांच्या शोधासाठी चिली देशातील सेरो पाचोन या डोंगरावर ८.४ मीटर आरशाची दुर्बीण उभारली आहे. २०२५ साली तिची पहिली छायाचित्रे प्रसिद्ध झाली. त्या वेधशाळेला व्हेरा रुबिन यांचेच नाव दिलेले आहे.