परिसर अभ्यास : चला, वावेल कॅथेड्रल पाहूया!

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, सहलीला गेल्यावर गाईड भराभर सांगतो, मुलं माना डोलावतात आणि घरी आल्यावर सगळं विसरतात. ऐकलेलं तपासायची सवय लागावी म्हणून हा पाठ. त्यासाठी आपण पोलंडमधल्या क्राकोव शहरात जाऊया, फोटो आणि नकाशाच्या मदतीने.

कुठे आहे?
विस्तुला नदीकाठी वावेल नावाची टेकडी आहे. तिच्यावर राजवाडा आणि त्याला लागूनच कॅथेड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च. १३२० मध्ये राजा व्लादिस्लावचा राज्याभिषेक इथे झाला. पुढे पोलंडच्या बहुतेक राजांचे राज्याभिषेक इथेच झाले आणि अनेकांच्या समाध्याही इथेच आहेत.

दारातली हाडे
प्रवेशद्वाराजवळ साखळीने बांधलेली भलीमोठी हाडे लटकतात. गाईड सांगतो, ही वावेलच्या ड्रॅगनची हाडे, ती खाली पडली की जगाचा अंत! मुलांचे डोळे इथे हमखास मोठे होतात. प्रत्यक्षात ती देवमासा, मॅमथ आणि गेंडा यांची हाडे मानली जातात. इथे थांबा आणि विचारा, "गोष्ट कोणती आणि पुरावा कोणता?" गोष्टीला खोटं म्हणून हाकलू नका. एवढी मोठी हाडे पाहून लोकांना ड्रॅगन का सुचला असेल, हाही छान प्रश्न आहे.

घंटा आणि सोनेरी घुमट
मनोऱ्यात १५२० साली ओतलेली झिगमुंट घंटा आहे. वजन १२ टनांहून जास्त! ती वाजवायला साधारण बारा माणसे लागतात आणि ती फक्त मोठ्या सणांना व विशेष प्रसंगीच वाजते. त्याच राजाच्या नावाचे सोनेरी घुमटाचे चॅपल इटालियन वास्तुकार बेरेची याने बांधले.

राणीचा लाकडी राजदंड
याद्विगाला १३८४ मध्ये दहा-अकरा वर्षांची असताना राज्याभिषेक झाला, तोही 'राजा' म्हणून. म्हणजे आपल्या पाचवीतल्या मुलीएवढी! १३९९ मध्ये ती वारली. आपले दागिने तिने क्राकोवच्या विद्यापीठासाठी ठेवले आणि १४०० मध्ये ते पुन्हा उभे राहिले. पुढे कोपर्निकस तिथेच शिकला. तिच्या थडग्यात सापडलेला राजदंड साधा लाकडी, वर सोनेरी मुलामा दिलेला. दागिने शिक्षणाला दिल्यामुळे असं झालं, असं सांगतात. इथे राजदंड हा पुरावा आहे आणि 'असं का' हा आपण काढलेला अर्थ. हा फरक मुलांनी स्वतः शोधावा.

राजांच्या शेजारी कवी
१७९५ ते १९१८ पोलंड हा देश नकाशावरच नव्हता. शेजारच्या तीन सत्तांनी तो वाटून घेतला होता. त्याच काळात, १८९० मध्ये, परदेशात वारलेल्या आदाम मित्सकिएविच या कवीचे अवशेष पॅरिसहून आणून इथल्या तळघरात ठेवले. राज्य नव्हतं, राजा नव्हता, पण भाषा होती. भाषा शिकवणाऱ्या आपण सगळ्यांनी हे मुलांना जरूर सांगावं.

आपला धागा
दुसऱ्या महायुद्धात घर सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथल्या छावणीत राहिले. त्यात लहान मुलं खूप होती. परक्या गावात त्यांनी आपल्या देशाच्या कोणत्या गोष्टी एकमेकांना सांगितल्या असतील? मुलांना कल्पना करू द्या.

उपक्रम
१. वहीत तीन रकाने करा : पाहिलेले, ऐकलेले, आपला अंदाज. वरची माहिती त्यात भरा.
२. गावातले जुने मंदिर, दर्गा, चर्च, वाडा किंवा किल्ला निवडा. मुलांनी गाईड व्हायचे.
३. ऐकणाऱ्यांनी प्रत्येक गाईडला एकच प्रश्न विचारायचा : "हे तुला कसं कळलं?"

पालकांनो, पुढच्या सहलीत हा प्रश्न तुम्हीही विचारा. उत्तर "आजीने सांगितलं" असं आलं तरी चालेल. ते 'ऐकलेले' या रकान्यात लिहायचं, एवढंच!