दोन वाटांचा एक बाण करू नकोस

चि. सोनी,

परवा तुझा दादा येऊन गेला. प्रबंधातील ई. कोलायच्या चयापचयाचा नकाशा सुटसुटीत दिसावा म्हणून ‘एशर’ या नकाशे काढण्याच्या संगणकप्रणालीत फ्रुक्टोज-६-फॉस्फेट आणि फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट यांमधील दोन अभिक्रियांपैकी एक तू काढून टाकलीस व उरलेल्या बाणाला दोन्हीकडे टोके दिलीस, असे त्याच्याकडून कळल्यापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही.

अगं, जाताना फॉस्फोफ्रुक्टोकायनेज एटीपी खर्च करते. परतताना निराळेच विकर पाण्याच्या साहाय्याने फॉस्फेट तोडते आणि एटीपी मुळीच हाती येत नाही. तुझा दुतोंडी बाण मात्र खर्चलेला एटीपी पेशीला परत देऊन मोकळा होतो. नकाशातला फेरफार आकडेमोडीच्या प्रतिमानाला लागत नाही हे मी जाणते, आणि म्हणूनच माझी भीती अधिक आहे. कारण गणित बिनचूक येत राहील, चित्र तेवढे असत्य सांगेल, आणि तेही तुझ्या सहीनिशी. वाडीच्या जमिनीच्या दोन गटांची नोंद एकत्र झाली तेव्हा अप्पांनी कचेरीचे किती उंबरे झिजवले, ते तू पाहिले आहेस.

दाटी होत असेल तर बिंदू खुशाल सरकव, बाणांचा बाक बदल, दुय्यम पदार्थ झाकण्याची सोय ‘एशर’मध्येच आहे ती वापर. झाकलेले पुन्हा उघडता येते. परंतु काढून टाकलेली अभिक्रिया परत आण.

अशा नकाशांची ओढ मला जुनीच. लीड्सचे डोनाल्ड निकल्सन १९५५पासून चयापचयाचे जे तक्ते काढीत आले, त्यांपैकी एक आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर होता, आणि सारे घरी गेल्यावरही मी त्यापुढे उभी असे. पुढे बाबा निवृत्त झाले, संसाराचा भार आला, मला नोकरी पत्करावी लागली, आणि माझे संशोधन राहून गेले ते गेलेच; त्याची हळहळ अद्याप सरलेली नाही. तू याच विषयाकडे वळलीस तेव्हा मला केवढा आनंद झाला, तो मी तुला कधी बोलून दाखवला नाही. म्हणून पुन्हा विनवते, त्या दोन अभिक्रिया दोनच राहू देत.

रागाने फार लिहिले. दादाच्या ऐकण्यात काही कमीजास्त झाले असेल तर मनावर घेऊ नकोस. तू फार जागरणे करतेस, असेही तो म्हणाला. प्रबंध चार दिवस उशिरा दाखल झाला तरी चालेल, प्रकृतीची हेळसांड नको. दिवाळीला ये, नकाशा घेऊन ये, आणि मला तो सावकाश समजावून दे. निघण्यापूर्वी एक ओळ टाक, म्हणजे माळ्यावरची गादी उन्हात घालून ठेवते.

तुझी,
माईआत्या