दिवस आमचा, घड्याळ गाडीवाल्याचं

चिखलीचं लग्न उरकलं, पाहुणे पांगले आणि आमच्या हातात एक आख्खा दिवस उरला. परतीचं तिकीट दुसऱ्या रात्रीचं होतं. मी, हे आणि जाऊबाई, तिघांनी ठरवलं की सिंदखेडराजाला जायचं. फक्त सिंदखेडराजाला. हे 'फक्त' मुद्दाम लिहितेय, कारण "तुम्ही आधी नीट सांगितलं नव्हतं" असं नंतर मलाच ऐकवलं गेलं. सांगितलं होतं, गाडी ठरवून देणाऱ्याला, दोनदा, तेही ह्यांच्यासमोर. सकाळी आठ ते रात्री आठ गाडी आमच्याकडे, चार हजार रुपये, डिझेल त्यांचं. निम्मे पैसे आदल्या रात्रीच मागून घेतले होते.

गाडी आली साडेनवाला. पंक्चर झालं म्हणे. देऊळगावराजामार्गे पोचेपर्यंत अकरा वाजले, आणि राजवाड्यासमोर उतरतो न उतरतो तोच ड्रायव्हर म्हणाला, "अर्धा तास लय झाला ताई. दगडंच तं आहेत."

मी उत्तर दिलं नाही. त्या दरवाजाखाली उभं राहिल्यावर कुणाला उत्तर द्यावंसं वाटत नाही. आत म्हाळसा महालात, जिथं 12 जानेवारी 1598 ला जिजाऊ जन्मल्या, तिथं जाऊबाई डोळे मिटून किती तरी वेळ उभ्या होत्या. बाहेर हॉर्न वाजला. आम्ही जिजाऊंच्या वडिलांच्या, लखुजीराव जाधवांच्या समाधीकडे गेलो. 1629 मध्ये देवगिरीवर निजामशहाच्या दरबारात त्यांना मुलांसकट दग्यानं मारलं. ही एवढी मोठी घुमटाची वास्तू त्यांच्यामागे उभी राहिली. 2024 च्या जूनमध्ये याच परिसरात पुरातत्त्व खात्याचं काम चालू असताना जमिनीखालून शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. म्हणजे या गावाच्या पोटात अजून काय काय आहे कुणास ठाऊक. ह्यांना त्याबद्दल तिथल्या माणसांशी बोलायचं होतं. पुन्हा हॉर्न.

पुतळा बारवेशी मात्र मी हट्टानं बसले. ऊन डोक्यावर आलं होतं, पण चार पायऱ्या उतरल्यावर एकदम गारवा लागला. भिंतींत कोरलेल्या मूर्ती पावसापाण्यानं झिजल्यात. एका बाईच्या मूर्तीचा चेहरा पार पुसलाय, पण कमरेवर ठेवलेल्या हाताची बोटं अजून वेगवेगळी मोजता येतात. मी ती मोजत होते, आणि वर काठावर ड्रायव्हर फोनवर बोलत होता: "हो, पाचला जालना स्टेशनावर येतो ना. ह्यांचं होतच आलं. दीडला काढतो इथून, चिखलीला टाकतो अन् निघतो."

तेव्हा सगळं उलगडलं. पंक्चर, अर्धा तास, हॉर्न, "दगडंच तं आहेत". आमची संध्याकाळ त्यांनी दुसऱ्याला विकली होती. आम्ही पैसे मोजून घेतलेली संध्याकाळ.

मी वर येऊन गाडी ठरवून देणाऱ्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, लोक इथून अर्ध्या तासात निघतात. तुम्हाला तर दोन तास दिले." दिले! जणू तो दिवस त्याच्या मालकीचा होता आणि आम्ही तो उसना मागायला गेलो होतो. हा शब्द अजून माझ्या डोक्यातून जात नाही. शेवटी लग्नघरच्या ओळखीची गाडी, उगाच त्यांना बोल नको, म्हणून ह्यांनी उरलेले दोन हजारही पूर्ण दिले. मला ते पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. तीन वाजता आम्ही चिखलीत, रिकाम्या मांडवाखाली बसलो होतो.

म्हणून सांगते. गाडी ठरवली की बोलणं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या: किती वाजता येणार, किती वाजता सोडणार, आणि मधल्या वेळात दुसरं भाडं घ्यायचं नाही. हे शेवटचं वाक्य कुणी लिहून घेत नाही, आणि खरी मेख तिथंच आहे. फक्त ठरवणाऱ्याशी बोलू नका, ड्रायव्हरचा नंबर आदल्या रात्री घेऊन त्यालाही तेच सांगा. त्याला बिचाऱ्याला कधीकधी वेगळंच सांगितलेलं असतं, एवढं मी मान्य करते. आगाऊ रक्कम पाव भागाच्या वर देऊ नका. नात्यातल्या ओळखीची गाडी घेऊच नका, कारण भांडायची वेळ आली की तोंड बांधलेलं असतं.

पाणी, टोपी, चांगल्या चपला लागतातच.

"लोणार का नाही केलं त्याच दिवशी?" असं घरी चौघांनी विचारलं. करू नका. लोणारचं विवर पावणेदोन किलोमीटरच्या वर रुंद आहे. काठावरून फोटो काढून परतायचं असेल तर गोष्ट वेगळी. पण खाली खाऱ्या पाण्यापर्यंत उतरायचं, कमळजादेवीला जायचं, वर गावात येऊन दैत्यसूदनाच्या मंदिरातली शिल्पं मान वर करून बघायची, तर त्याला स्वतंत्र दिवस द्यावा लागतो. एका दिवसात दोन्ही उरकणाऱ्यांच्या हाती दोन्हीकडचे पार्किंगचेच फोटो राहतात, हे मी आमच्या नात्यातल्या अल्बमांवरून सांगते.

सिंदखेडराजा पायी बघायचं गाव आहे. राजवाडा, समाधी, नीळकंठेश्वर आणि त्याच्यासमोरची बारव, रामेश्वर, काळाकोट, रंगमहाल, सगळं गावातच आहे. एकदा उतरलात की गाडी लागतेच कशाला? हे मला तेव्हा सुचलं नाही, याचं फार वाईट वाटतं. 12 जानेवारीला जाणार असाल तर जरूर जा, पण तो उत्सवाचा दिवस. गर्दीत दर्शन होतं, गाव बघणं होत नाही. ते पावसाळा सरल्यावर, तळ्यांत पाणी असताना बघावं. मोती तलावाचा जुना बांध तेव्हाच कळतो. जाधवांनी हे पाणी किती विचार करून अडवलंय!

मार्गशीर्षात आम्ही दोघी जावा पुन्हा जाणार आहोत. चिखलीहून एसटीनं देऊळगावराजा, तिथून दुसरी एसटी. चांदणी तलावाच्या मधोमध पाण्यात उभी असलेली इमारत जाऊबाईंना बघायची आहे, आणि या वेळी डबा बरोबर नेणार आहोत.