टेन्शनला मराठीत काय म्हणतात?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्याकडे सगळ्यासाठी एकच शब्द होता : टेन्शन. बाकीचे हॉस्टेलने शिकवले. लगेच भडकतो तो तापट, त्यालाच 'जमदग्नी' म्हणतात. साधं विचारलं तरी वाकडं बोलतो तो तिरसट. ज्याला माणसंच नकोत तो तुसडा. घाईत घोळ घालतो तो धांदरट, धीर नसलेला उतावळा. आणि व्हायवाच्या रांगेत चुळबुळ करणारे तर आपण सगळेच!

हे झाले स्वभाव. पण शेवटी 'लेला' आला की अर्थ बदलतो. घाबरट म्हणजे कायमचा, घाबरलेला म्हणजे तेवढ्यापुरता. तसेच बावरलेला, वैतागलेला, कातावलेला.

गेल्या सेमिस्टरला माझा रूममेट नुसता लाइट लावला तरी खेकसायचा. आम्ही त्याला 'तिरसट' नाव ठेवलं. नंतर कळलं, घरी वडील आजारी होते आणि तो रात्रभर फोनची वाट बघत जागा असायचा. म्हणजे तो तिरसट नव्हताच, कातावलेला होता. मी त्याला सॉरी म्हटलं.

आता कुणाला नाव ठेवण्याआधी मी 'लेला' लावून बघतो. बहुतेक वेळा तोच बसतो.