अर्ध्या सेकंदापायी चुकणारी निवड

स्पोर्ट्स कार घेताना लोक रंगावर, सीटच्या शिलाईवर, चाकांच्या डिझाइनवर महिनोन् महिने खल करतात आणि गिअरबॉक्सचा निर्णय मात्र माहितीपत्रकातल्या एका आकड्यावर सोपवून मोकळे होतात. ही चूक महागात पडते, म्हणून हे बजावून सांगावंसं वाटतं. रंग पुन्हा देता येतो, चाकं बदलता येतात. गिअरबॉक्स बदलायचा तर क्लचचं पेडल, वायरिंग, इंजिनाचं कंट्रोल युनिट इथपर्यंत सगळं उचकटावं लागतं, आणि व्यवहारात ते कोणी करत नाही. जो गिअरबॉक्स घेतला तो गाडी विकेपर्यंत गळ्यात. माझं म्हणणं असं की हौसेनं, सार्वजनिक रस्त्यावर चालवायच्या गाडीची निवड 0 ते 100 च्या आकड्यावरून करू नये. चालवणाऱ्याच्या वाट्याला गाडी किती काम ठेवते आणि ते काम तुम्हाला रोज हवं आहे का, यावरून करावी.

आकडे खोटे नसतात, हे आधी मान्य करू. पोर्शेच्या 2021 सालच्या 911 जीटी3 मध्ये दुहेरी क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स 3.4 सेकंदांत 100 चा वेग गाठतो, मॅन्युअलला 3.9 सेकंद लागतात. बीएमडब्ल्यूच्या सध्याच्या एम2 मध्ये ऑटोमॅटिक आणि मॅन्युअलमधला फरक सुरुवातीला 4.1 आणि 4.3 सेकंद असा दिला गेला. दुहेरी क्लचमध्ये पुढचा गिअर आधीच जोडून ठेवलेला असतो, एक क्लच सुटता सुटता दुसरा लागतो, त्यामुळे चाकाकडे जाणारी ताकद जवळपास तुटतच नाही. माणसाच्या हातापायाला ते जमणार नाही. पण हा अर्धा सेकंद मिळतो कधी? अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला आणि पुढचा रस्ता मोकळा असला तर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना सपाट भागात 100 ची मर्यादा आहे, समृद्धी महामार्गावर 120 ची. म्हणजे ज्या वेगाला जीटी3 चार सेकंदांच्या आत पोचते, तिथेच किंवा त्याच्या थोडं पुढे कायदा तुम्हाला थांबवतो. याउलट ताम्हिणी घाटातल्या वळणापूर्वी क्लच दाबून, इंजिनाचे फेरे जुळवून तिसऱ्याचा दुसरा गिअर टाकण्यातलं समाधान ताशी 40 किलोमीटरलाही मिळतं. एकाचा फायदा क्वचित वापरता येतो, दुसऱ्याचा प्रत्येक फेरीत.

हा केवळ जुन्या वळणाच्या माणसांचा हळवेपणा नाही, याचा पुरावा कारखान्यांनीच दिला आहे. पोर्शेनं 2013 मध्ये जीटी3 फक्त दुहेरी क्लचवर आणली. 2016 मध्ये त्याच कंपनीनं मॅन्युअलवरच मिळणारी 911 आर काढली, तीही मोजून 991 गाड्या, आणि 2017 मध्ये जीटी3 मध्ये मॅन्युअल परत आणला. टोयोटानं 2019 ला सुप्रा केवळ आठ गिअरच्या ऑटोमॅटिकवर विकायला काढली. 2022 मध्ये तिलाही मॅन्युअल द्यावा लागला. गिऱ्हाईक सेकंदांवरच जगत असतं, तर जास्त वेगवान पर्याय हाताशी असताना या कंपन्यांनी संथ गिअरबॉक्सवर पैसा घातला नसता.

यावर पहिला आक्षेप ट्रॅफिकचा, आणि तो रास्त आहे. हिंजवडीच्या संध्याकाळच्या रांगेत किंवा घोडबंदर रोडवर जड क्लच तासभर दाबणं म्हणजे शिक्षा. हाफ क्लचवर गाडी रेटली की प्लेट झिजते ती वेगळीच. ज्यांच्याकडे ही एकच गाडी आहे, जे रोज तिनंच ऑफिस गाठणार, किंवा ज्यांचा डावा गुडघा दुखतो, त्यांनी बिनदिक्कत ऑटोमॅटिक घ्यावी. ज्यांना कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर किंवा बुद्ध सर्किटवर फेरीचा वेळ कमी करायचा आहे, त्यांच्यासाठीही दुहेरी क्लचच योग्य. दुसरा आक्षेप असा की स्टिअरिंगमागच्या पॅडलनं गिअर आपणच बदलतो, मग उणीव कसली? उणीव ही की पॅडल ओढणं म्हणजे विनंती करणं. क्लच सोडायचा क्षण, फेऱ्यांची जुळणी, धक्का न बसू देण्याची जबाबदारी हे सगळं संगणकाकडे राहतं. चूक तुमच्या हातून होत नाही, म्हणून ती सुधारल्याचा आनंदही तुमचा नसतो.

तरीही मॅन्युअल आहे एवढ्यावर भाळू नका. आजच्या ताकदवान गाड्यांचे गिअर फार लांब असतात. पोर्शेच्या 718 केमन जीटी4 चा दुसरा गिअरच ताशी 130 किलोमीटरच्या पुढे जातो. कायद्यात राहून तिचा तो गिअरही पूर्ण खेचता येत नाही. अशा गाडीत दांडा असूनही हाताला काम थोडं. कमी ताकदीच्या, आखूड गिअरच्या, हलक्या गाडीत ते भरपूर. माझदाची एमएक्स-5 हे त्याचं ठळक उदाहरण. ‘ऑटोमॅटिक’ हा शब्दही फसवा आहे. टॉर्क कन्व्हर्टर, दुहेरी क्लच आणि एकाच क्लचवर चालणारा स्वयंचलित गिअरबॉक्स ही तीन वेगळी यंत्रं. पहिलं रांगेत सर्वांत मऊ, दुसरं सर्वांत चपळ, तिसरं जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये धक्के देणारं आणि क्लच लवकर खाणारं. सेकंडहँड गाडी पाहताना यातलं कोणतं आहे हे विचारल्याशिवाय बयाणा देऊ नका.

म्हणून माझा सल्ला सोपा आहे. पुढच्या वर्षभरात ही गाडी कुठल्या रस्त्यावर किती किलोमीटर चालेल याचा प्रामाणिक हिशेब कागदावर मांडा. मग टेस्ट ड्राइव्ह दोनदा घ्या: एकदा संध्याकाळी सहाच्या गर्दीत, एकदा पहाटे वळणाच्या रस्त्यावर. निम्म्याहून जास्त किलोमीटर रांगेत जाणार असतील, तर ऑटोमॅटिक घ्या आणि मागे वळून पाहू नका. गाडी रविवारच्या सकाळसाठी आणि घाटासाठी असेल, तर अर्धा सेकंद सोडून द्या आणि मॅन्युअलच घ्या.