मित्राचे वडील वारले तर...

एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेने नागपूर हादरले. रुग्णालयातून देह परस्पर घाटावर नेले जात. कित्येक मुलांना आईचे वा वडिलांचे अंत्यदर्शनही घडले नाही. त्यांपैकी एखादा आज तुमच्याच बाकावर बसत असेल. त्याला साथ कशी द्यावी? त्यासाठी मुलांना मृत्यू कसा उमगतो, ते आधी पाहू.

मारिया नॅगी या संशोधिकेने बुडापेस्ट परिसरातील मुलांचा अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध केला. पाच वर्षांखालील मुले मृत्यूला झोप किंवा प्रवास समजतात, असे तिला आढळले. म्हणूनच "बाबा गावाला गेले" असे सांगितले, की धाकटे भावंड दाराकडे डोळे लावून बसते. "बाबा झोपले" म्हटले, तर स्वतः झोपायला भिते. त्यापेक्षा खरे सांगावे : "बाबा वारले. त्यांचा श्वास थांबला. ते परत येणार नाहीत. पण आम्ही तुझ्याजवळ आहोत."

दुसरी अडचण कार्यकारणभावाची. "मी बाबांशी भांडलो, म्हणून ते गेले," असे मूल मनात धरून बसते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फांदी तोडली असे होत नाही. खरे कारण सांगा : विषाणूमुळे फुप्फुसांना सूज आली आणि रक्तातील प्राणवायू कमी पडला. "विषाणू मीच घरात आणला असेन का?" असेही कोणी विचारील. संसर्ग नेमका कोणाकडून झाला हे घरबसल्या ठरवता येत नाही. आणि नकळत झालेला संसर्ग हा अपराध नव्हे.

मूल आता रडते, घटकाभराने खेळते. ते निष्ठुर नसते. दुःख ते थोडे थोडे सोसते. जेवण, शाळा, खेळ यांच्या वेळा पूर्वीसारख्या राहिल्या, की त्याला आधार वाटतो.

तुम्ही काय कराल? त्याला टाळू नका. बुडलेल्या तासांच्या वह्या द्या. वडिलांविषयी बोलला तर ऐका. "आता तूच घरचा कर्ता" हे ओझे मात्र त्याच्यावर टाकू नका. शिक्षकांनीही वर्गाला आधी समजावून सांगावे आणि वर्षश्राद्धाच्या सुमारास त्याच्याकडे विशेष लक्ष द्यावे.

"मलाही बाबांकडे जायचे आहे," असे तो म्हणाला, तर ते गुपित ठेवू नका. त्याच दिवशी घरच्यांना किंवा शिक्षकांना सांगा. मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक अहोरात्र विनामूल्य चालू असतो.

गेलेले माणूस विज्ञान परत आणू शकत नाही. पण चुकीच्या कारणाचे ओझे एका मुलाच्या मनावरून उतरवणे तुमच्या हाती आहे.