जुनें ऑइल इंजिन पुन्हां बांधतांना व्हॉल्व्हची फट कशी लावावी

विहिरीवर आतां बहुतेक ठिकाणीं विजेचा पंप बसला आहे. तरीहि इंजिनघराच्या कोपऱ्यांत जुनें संथ गतीचें ऑइल इंजिन पडून आहे अशीं घरें पुष्कळ सांपडतील. आणि ऐन उन्हाळ्यांत वीज दगा देऊं लागली म्हणजे तें पुन्हां बांधून घ्यावें असा विचार मनांत येतो. या जातीचा एक प्रसिद्ध नमुना इंग्लंडांतील डर्सली येथील लिस्टर कंपनीचा. १९३० च्या सुमारास निघालेलें तें एका सिलिंडरचें इंजिन मिनिटास ६०० फेऱ्यांवर ५ अश्वशक्ति देई. पुढें ६५० फेऱ्यांवर ६ अश्वशक्तीचें निघालें. राजकोट येथें त्याच घडणीचीं इंजिनें पुष्कळ वर्षें बनलीं.

इंजिन बांधतांना लायनर, पिस्टन, रिंगा व बेअरिंगें यांकडे मालक व मिस्त्री दोघेहि डोळ्यांत तेल घालून पाहतात, कारण पैसा तेथें जातो. व्हॉल्व्हची फट लावण्याचें काम मात्र सर्वांच्या शेवटीं, हात धुवावयाच्या वेळीं होतें. त्यास पैसा लागत नाहीं, म्हणून लक्षहि लागत नाहीं.

कॅमशाफ्टवरील उंचवटा फिरतां फिरतां टॅपेटला वर उचलतो. टॅपेट पुशरॉडला व पुशरॉड रॉकरच्या एका टोकाला उचलतो, आणि रॉकरचें दुसरें टोक व्हॉल्व्हचा दांडा दाबून व्हॉल्व्ह उघडतें. उंचवटा सरला कीं स्प्रिंग व्हॉल्व्हला परत बैठकीवर बसविते. व्हॉल्व्ह मिटलेला असतांना रॉकर व दांडा यांमध्यें जी बारीक जागा राहते, तीच ही फट. ती इंचाच्या हजाराव्या भागानें मोजतात. पुढें त्यास हजारांश म्हटलें आहे.

सहा इंच लांबीचा पोलादी दांडा १०० अंश सेंटिग्रेडनें तापला तर सुमारें ७ हजारांश लांबतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह याहून कितीतरी अधिक तापतो. हेड व सिलिंडरहि वाढतात खरे, पण ते पाण्यानें थंड राहत असल्यामुळें दांड्याइतके वाढत नाहींत. फट ठेवलेली नसेल तर वाढलेल्या दांड्याला जागाच उरत नाहीं, आणि व्हॉल्व्ह बैठकीपासून केसभर उचललेला राहतो. व्हॉल्व्हच्या डोक्यांतील उष्णता मुख्यतः बैठकीच्या स्पर्शानेंच हेडमध्यें व तेथून पाण्यांत उतरते. स्पर्श तुटला कीं ती अडते, आणि जळता वायु त्या केसभर वाटेनें सुटून व्हॉल्व्हची कड कुरतडतो. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच डिझेल पेटतें. दाब गळला कीं हॅण्डल मारून मारून माणूस दमतो, पण इंजिन धरीत नाहीं.

फट फार मोठी झाली तर टकटक सुरू होते, व्हॉल्व्ह उशिरां उघडतो, लवकर मिटतो व बैठकीवर आपटतो. हेंहि वाईटच, पण तें कानांना कळतें. फट मिटल्याचा आवाज होत नाहीं. इंजिन किती शांत चाललें आहे म्हणून मालक खूष होतो, आणि आंत व्हॉल्व्ह जळत असतो.

माझ्या हातून हेंच झालें. फोर स्ट्रोक इंजिनांत फ्लायव्हीलच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते, म्हणून पिस्टन माथ्यावर आल्याची खूण दोनदां वर येते. एकदां हवा दाबली गेलेली असते व दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. दुसऱ्यांदां धूर बाहेर जाऊन नवी हवा येऊं लागलेली असते व दोन्ही थोडे उघडे असतात. मीं खूण पाहिली, फेरी पाहिली नाहीं, आणि उघड्या व्हॉल्व्हवर फट लावली. ती अर्थात् फार मोठी झाली व इंजिन टकटकूं लागलें. मग दुसरी चूक केली: आवाज थांबेपर्यंत केवळ कानानें स्क्रू आवळीत गेलों. तीन आठवड्यांत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाला, आणि कांदा पोसण्याच्या वेळीं आठ दिवस पाणी तुटलें.

आतां कृति. व्हॉल्व्ह बैठकीवर घासून बसविला कीं तो थोडा खोल जातो, दांडा वर येतो व फट घटते. हेड आवळून गॅसकेट दबलें कीं रॉकर पुशरॉडच्या जवळ येतो व ती पुन्हां घटते. म्हणून समोरासमोरचे नट क्रमाक्रमानें घेऊन हेड पुरतें आवळल्यावरच फट लावावी. इंजिन थंड असावें. डिझेल बंद करावें, हॅण्डल काढून ठेवावें, आणि डिकॉम्प्रेशनची कळ व्हॉल्व्ह उचलून धरीत नाहीं ना, हें पाहावें. फ्लायव्हील चालीच्या दिशेनें हातानें फिरवून हवेच्या व्हॉल्व्हवर नजर ठेवावी. तो दबून पुन्हां वर आला कीं आणखी सुमारें अर्धी फेरी देऊन खूण जुळवावी. तेथें फ्लायव्हील किंचित् मागेंपुढें हलवावें. दोन्ही रॉकर स्तब्ध राहिले तरच जागा बरोबर.

लिस्टरच्या या इंजिनास थंड असतांना दोन्ही व्हॉल्व्हना १७ हजारांश, म्हणजे ०.४३ मिलिमीटर, फट ठेवतात. इतर इंजिनांस त्यांच्या त्यांच्या पुस्तकांतील माप घ्यावें. या मापानें तीं बांधूं नयेत. १७ ची पात नसल्यास फीलर गेजमधील १० व ७ च्या पाती जोडून चालतात. पात किंचित् अडत सरकली पाहिजे. लॉकनट आवळतांना स्क्रू फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हां मोजावें.

जुन्या रॉकरच्या टोकाला दांड्यानें खळगा पाडलेला असतो, हें बहुतेकांच्या नजरेंतून सुटतें. सपाट पात त्या खळग्यावर पुलासारखी बसते. खळगा ५ हजारांश खोल असेल तर पात १७ दाखविते व खरी फट २२ असते. असें टोक सपाट करून घ्यावें किंवा रॉकर बदलावा.

कांहीं तास पंपाच्या भारावर चालवून इंजिन रात्रभर थंड होऊं द्यावें, हेडचे नट पुन्हां पाहावे व फट पुन्हां मोजावी. प्रत्येक वेळचा आंकडा वहींत लिहावा. तो उत्तरोत्तर घटत असेल तर व्हॉल्व्ह बैठकींत खोल जात आहे. वाढत असेल तर कॅम, टॅपेट किंवा रॉकर झिजत आहे. तेव्हां प्रथम तेथपर्यंत वंगण पोंचतें कीं नाहीं तें पाहावें, आणि मग टॅपेट काढून त्याचा तळ तपासावा.